हिवाळ्यातील वृक्षांची छायाचित्रे : दृश्य घटकांच्या आधारे तौलनिक विवेचन

प्रस्तावना

भर पावसाळ्यात एखाद्या डेरेदार वृक्षाकडे पाहिले असता प्रथम डोळ्यांत भरतो तो त्याचा पर्णसंभार. खोडाचा खालचा भाग वगळता झाडाची मूळ रचना पानांच्या आड दडलेली असते. पानगळ झाली की तोच वृक्ष वेगळा दिसू लागतो. खोडातून फांदी, फांदीतून डहाळी आणि डहाळीतून काडी कशी फुटत गेली, हे उघड होते. जे झाड काल एक आकार होते, ते आज रेषांचा समूह झालेले असते. छायाचित्रणाच्या आरंभापासून आजतागायत अनेक छायाचित्रकार निष्पर्ण वृक्षाकडे पुनःपुन्हा वळले, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

विषय एकच असला तरी या छायाचित्रांमधून येणारा प्रत्यय एक नाही. तो सांगताना आपण सहसा 'उदास', 'एकाकी', 'भव्य', 'शांत' अशा विशेषणांचा आधार घेतो. विशेषण आपल्यावर झालेला परिणाम सांगते. तो परिणाम कशामुळे झाला, हे सांगत नाही. याउलट कलाशिक्षणात रेषा, आकार, छटा, पोत, अवकाश आणि रंग या दृश्य घटकांची यादी पाठ केली जाते आणि उत्तरपत्रिकेत 'या चित्रात रेषा व पोत यांचा सुंदर वापर केला आहे' असे वाक्य उतरते. हे वाक्य जगातील कोणत्याही चित्राला लागू पडते. म्हणूनच ते कोणत्याही चित्राविषयी काही सांगत नाही. विशेषण आणि यादी यांच्या मधली वाट तुलनेची आहे. दोन चित्रे शेजारी ठेवली की पहिल्यात काय आहे याबरोबरच काय नाही, हेही दिसू लागते.

प्रस्तुत लेखात हिवाळ्यातील वृक्षांच्या काही प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्रांची या दृष्टीने तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनाची पद्धती

प्रत्येक छायाचित्राला तीन प्रश्न विचारले आहेत. कोणता घटक प्रधान आहे? त्यासाठी कोणता घटक सोडून दिला आहे? आणि ही निवड तंत्राच्या मर्यादेतून आली की छायाचित्रकाराच्या निर्णयातून?

घटक ओळखल्यावर त्यांचे परस्परसंबंधही तपासावे लागतात. त्यासाठी मराठी सौंदर्यविचारात एक उपयुक्त साधन उपलब्ध आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीतील घटकांच्या संघटनेचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे केला आहे. दृश्य घटक 'काय आहे' हे सांगतात. लयतत्त्वे 'ते एकमेकांशी कसे वागते' हे सांगतात. पुढील विवेचनात या दोहोंचा उपयोग केला आहे. निवडलेली सर्व छायाचित्रे कृष्णधवल असल्याने रंग हा घटक प्रारंभीच बाजूला पडतो.

१. रेषा : टॅल्बट आणि कॅलहन

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–१८७७) हे कागदावरील निगेटिव्ह-पॉझिटिव्ह छायाचित्रण पद्धतीचे जनक होत. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात लॅकॉक अ‍ॅबी हे त्यांचे निवासस्थान होते. तेथे १८४२–४३ च्या सुमारास घेतलेले 'हिवाळ्यातील ओक वृक्ष' हे त्यांचे छायाचित्र या विषयावरील सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी एक मानावे लागेल. एकच विशाल ओक वृक्ष चौकटीचा बहुतेक भाग व्यापून उभा आहे. क्षितिज खाली आहे, आणि त्यामुळे फांद्यांचे संपूर्ण जाळे आकाशावर उमटले आहे.

येथे रेषा प्रधान झाली, त्यात तंत्राचा वाटा मोठा आहे. टॅल्बट यांच्या कॅलोटाइप पद्धतीत एक्स्पोजरचा काळ अनेकदा मिनिटांत मोजावा लागे. तेवढ्या वेळात वाऱ्याने पाने हलली तर चित्रात नुसता डाग उरतो. निष्पर्ण फांद्या मात्र बऱ्याच अंशी स्थिर राहतात. दुसरे असे की, त्या काळातील रासायनिक लेप निळ्या व जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होता. हिरव्या व तांबड्या प्रकाशाची नोंद तो जवळजवळ घेत नसे. परिणामी हिरवी पाने काळपट गोळ्यासारखी उमटत आणि आकाश पूर्ण फिके येई. पाने नसलेला वृक्ष आणि फिके आकाश हा संयोग म्हणजे त्या तंत्राला मिळालेला अनुकूल विषय होता. निगेटिव्ह कागदाचे असल्याने कागदाचे तंतू प्रिंटमध्ये उतरत आणि रेषेची कड किंचित मऊ होई. टॅल्बट यांच्या ओकची रेषा कोरलेली वाटत नाही, कोळशाने रेखाटल्यासारखी वाटते, त्याचे कारण हे आहे.

या रेषेचे आणखी एक वैशिष्ट्य तिच्या जाडीत आहे. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत असे निरीक्षण नोंदवले आहे की, झाडाच्या कोणत्याही उंचीवरील सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरते. टॅल्बट यांचे चित्र पाहताना हा क्रम डोळ्यांना जाणवतो. एक जाड रेषा विभागत विभागत केसासारखी बारीक होते, पण तिचा एकूण भार कायम राहतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत हा संवाद होय : प्रत्येक रेषा आधीच्या रेषेची लहान आवृत्ती आहे.

आता हॅरी कॅलहन (१९१२–१९९९) यांचे शिकागो येथील १९५० च्या सुमाराचे छायाचित्र शेजारी ठेवू. मिशिगन सरोवराच्या काठावर बर्फात उभ्या असलेल्या वृक्षांची ही रांग आहे. येथेही रेषाच प्रधान आहे; परंतु तिचे स्वरूप बदलले आहे. टॅल्बट यांच्याकडे एका वृक्षातून असंख्य रेषा निघतात; कॅलहन यांच्याकडे अनेक वृक्ष मिळून मोजक्या उभ्या रेषा होतात. खोडे काळी, जमीन पांढरी आणि आकाशही जवळजवळ पांढरे. खोडांमधील अंतर कोठे कमी, कोठे जास्त आहे. त्यामुळे तबल्यावरील बोल आणि त्यांमधील विराम यांसारखी एक गती निर्माण होते.

दोहोंतील खरा फरक कारणाचा आहे. टॅल्बट यांच्या चित्रातील फिके आकाश ही तंत्राची देणगी आहे. कॅलहन यांच्या काळापर्यंत फिल्म आणि कागद इतके प्रगत झाले होते की, बर्फावरील प्रत्येक चढउतार दाखवणे शक्य होते. त्यांनी ते टाळले. १९४३ मध्ये डेट्रॉइट येथे बर्फातून वर आलेल्या गवताच्या काड्यांचे छायाचित्र घेतानाही त्यांनी हीच वाट धरली होती. पहिल्या चित्रातील रेषा निसर्ग आणि रसायन यांनी मिळून दिलेली आहे. दुसऱ्यातील रेषा छायाचित्रकाराने इतर सर्व काही वजा करून मिळवलेली आहे.

२. छटा : अ‍ॅडम्स

कॅलहन यांनी काय वजा केले, हे ॲन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांच्या 'ओक वृक्ष, हिमवर्षाव, योसेमिटी' (१९४८) या छायाचित्राकडे पाहिल्यावर स्पष्ट होते. येथे वृक्षाच्या फांद्यांवर बर्फाचा थर साचला आहे आणि मागील झाडे पडत्या बर्फात धूसर झाली आहेत. प्रत्येक फांदी दुहेरी दिसते : वरची बाजू पांढरी, खालची बाजू काळी. रेषा आहे, पण ती काळ्याची रेषा की पांढऱ्याची, हे ठरवता येत नाही. त्यामुळे दृष्टी रेषेवर न ठरता छटांकडे वळते. अगदी शुभ्र, किंचित राखाडी, गडद राखाडी आणि काळा अशी चढती श्रेणी येथे आढळते.

ही श्रेणी आपोआप मिळत नाही. प्रकाशमापक यंत्र समोरचा पृष्ठभाग मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून मोजमाप देते. बर्फाकडे रोखलेल्या मापकाचे ऐकले तर बर्फ चित्रात मळकट राखाडी येतो. तो शुभ्र दिसावा यासाठी मापकाने सांगितलेल्यापेक्षा अधिक एक्स्पोजर द्यावे लागते. आणि ते फार झाले तर बर्फाचा सारा तपशील नाहीसा होतो. अ‍ॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासमवेत १९३९–४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे विकसित केलेली 'झोन सिस्टीम' हा याच प्रश्नाचा पद्धतशीर विचार होता. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायऱ्यांमध्ये विभागणी करावयाची आणि दृश्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर यावा हे आधीच ठरवावयाचे, हे तिचे सूत्र होय.

येथे एक ऐतिहासिक दुवा लक्षात घेण्यासारखा आहे. १९४१ मध्ये अ‍ॅडम्स डेट्रॉइट येथील हौशी छायाचित्रकारांना मार्गदर्शन करण्यासाठी आले असता कॅलहन त्या श्रोत्यांत होते, आणि या भेटीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. छटांवरील प्रभुत्व काय करू शकते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या शिकागोच्या चित्रातील कोऱ्या बर्फाकडे तंत्राची उणीव म्हणून पाहता येत नाही. जे येते ते हेतुपूर्वक सोडून देणे, आणि जे येतच नाही ते नसणे, यांत मोठे अंतर आहे. चित्र एकेकटे पाहिले तर हे अंतर दिसत नाही. तुलनेतच ते दिसते.

लयीच्या दृष्टीनेही दोन्ही चित्रे भिन्न आहेत. कॅलहन यांच्याकडे काळा आणि पांढरा यांचा थेट विरोध आहे. अ‍ॅडम्स यांच्याकडे मधल्या राखाडी छटा त्या विरोधाला सावरतात आणि समतोल साधतात. म्हणून पहिल्या चित्रातील हिवाळा हा एक विचार वाटतो, तर दुसऱ्यातील हिवाळा हे हवामान वाटते.

३. पोत : सुडेक

वरील तिन्ही छायाचित्रांत पाहणारा आणि वृक्ष यांच्यामध्ये हवेखेरीज काही नाही. जोसेफ सुडेक (१८९६–१९७६) यांच्या चित्रांत मात्र मध्ये काच आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले सुडेक प्राग शहरातील एका अंगणातल्या लहानशा लाकडी स्टुडिओत काम करीत. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी 'माझ्या स्टुडिओची खिडकी' ही छायाचित्रमाला केली. अंगणातील एक वेडेवाकडे सफरचंदाचे झाड या मालेत अनेकदा येते; हिवाळ्यातील चित्रांत ते दवाने किंवा गोठलेल्या बाष्पाने झाकलेल्या काचेपलीकडे उभे असते.

झाडाची रेषा येथेही आहे, परंतु ती स्पष्ट नाही. प्रथम दिसतो तो काचेचा पोत : थेंब, त्यांचे ओघळ, बर्फाची नक्षी. झाड या पोताच्या मागून, जणू आठवावे तसे, उमटते. सुडेक यांनी १९४० पासून मोठ्या निगेटिव्हवरून त्याच आकाराचे, म्हणजे विवर्धन न करता, कॉन्टॅक्ट प्रिंट काढण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे थेंबांचा सूक्ष्मातला सूक्ष्म तपशील टिकून राहिला. म्हणजेच जवळची काच अत्यंत नेमकी आणि दूरचे झाड अंधुक, असा विरोध त्यांनी योजला आहे.

पोत हा घटक आपण एरवी वस्तूचा गुण समजतो. खोडाच्या सालीचा खडबडीतपणा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सुडेक यांच्या चित्रांत पोत वृक्षाचा नसून पाहण्याच्या क्रियेचा आहे. आत कोणीतरी आहे, आत ऊब आहे आणि बाहेर थंडी आहे, म्हणूनच काचेवर बाष्प धरले आहे. ही माला सुरू झाली तेव्हा प्राग जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. चित्रांत त्याचा कोणताही थेट उल्लेख नाही. परंतु बाहेरचे जग खिडकीआडून पाहण्याची ही रीत त्या काळापासून वेगळी काढता येत नाही.

४. अवकाश : केना

मायकेल केना (जन्म १९५३) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या छायाचित्रकाराने जपानमधील होक्काइदो बेटावर हिवाळ्यात दीर्घकाळ काम केले आहे. कुशारो तळ्याकाठच्या वृक्षाचे २००२ मधील छायाचित्र हे त्याचे ठळक उदाहरण होय. चौकट चौरस आहे. काठावरून तळ्याकडे झुकलेले एकच झाड आहे. भोवती पांढऱ्या-राखाडी विस्ताराखेरीज फारसे काही नाही. प्रिंटचा आकारही लहान, साधारण २० सेंटिमीटर बाजूचा असतो. त्यामुळे पाहणाऱ्याला जवळ जावे लागते.

येथे प्रधान घटक झाड ज्यात उभे आहे तो अवकाश आहे. चित्रकलेच्या परिभाषेत याला ऋण अवकाश म्हणतात, म्हणजे वस्तूने न व्यापलेली जागा. टॅल्बट यांचा ओक चौकट भरून टाकतो; केना यांचे झाड चौकटीत हलके उभे राहते. झाडाचा झोक एका बाजूला आहे आणि त्याला तोलून धरणारे दुसरे झाड किंवा खडक नाही; तोल सांभाळते ती रिकामी जागाच. मर्ढेकरांचा समतोल येथे वस्तू आणि वस्तू यांच्यात नसून वस्तू आणि अभाव यांच्यात आहे. 'एकाकी' हे विशेषण या चित्राला सहज चिकटते. ते का चिकटते, याचे उत्तर आता देता येते : तुलनेसाठी दुसरी वस्तू नाही, मापासाठी क्षितिजाची ठळक रेषा नाही, आणि जमीन व पाणी यांची सीमा पुसली गेली आहे.

परंतु याच ठिकाणी एक प्रश्न उपस्थित होतो. चौकटीतील रिकामी जागा प्रत्यक्षातही रिकामी असते काय? होक्काइदोतील बिएई परिसरात शेतात कललेला एक पॉप्लर वृक्ष 'तत्त्वज्ञाचे झाड' म्हणून ओळखला जाई. पर्यटक आणि छायाचित्रकार यांची तेथे मोठी गर्दी होत असे. शुभ्र विस्तारातील एकुलते एक झाड हे त्याचे आकर्षण होते. पण तो शुभ्र विस्तार म्हणजे बर्फाखालचे शेत होते. लोक शेतात शिरत, पिकाच्या जमिनीवर पाऊल पडे. झाडही जीर्ण झाले होते. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये जमिनीच्या मालकाने ते तोडले. चित्रात ज्याला आपण ऋण अवकाश म्हणतो, ते कोणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असू शकते. घटकांच्या भाषेत पाहण्याची सवय लागली की ही गोष्ट विसरण्याचा धोका असतो. म्हणून तिची नोंद येथे करणे आवश्यक वाटते.

५. आपल्याकडील पानगळ

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासमोर हिमाच्छादित वृक्ष नाही. परंतु निष्पर्ण वृक्ष निश्चित आहे. येथील पानझडी वनांतील पानगळ मुख्यतः कोरड्या ऋतूतील पाण्याच्या टंचाईशी निगडित असते. माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात, साग उघडा पडतो. पळस, पांगारा, काटेसावर हे वृक्ष तर निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. त्यामुळे आपल्याकडे रंग हा घटक बाजूला ठेवता येत नाही. तांबड्या फुलांचे ठिपके काळ्या रेषेच्या टोकाशी येतात आणि वरील सर्व चित्रांहून निराळी संघटना तयार होते.

दुसरी अडचण पार्श्वभूमीची. आपल्याकडे जमीन पांढरी नसते. मुरूम, वाळके गवत आणि गळालेली पाने यांचा पोत रेषेशी स्पर्धा करतो. पहाटेचे धुके, किंवा कॅमेरा खाली धरून झाड आकाशावर आणणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत. निळ्या आकाशाचे डिजिटल छायाचित्र कृष्णधवल करताना निळ्या रंगाचा उजळपणा वाढवला तर आकाश फिके होते आणि टॅल्बट यांच्या कॅलोटाइपजवळ जाणारा परिणाम मिळतो. तो कमी केला तर आकाश काळवंडते आणि उन्हातील फिकट फांद्या पांढऱ्या रेषांसारख्या उठून दिसतात. एकाच छायाचित्रातून अशा दोन प्रती काढून त्या शेजारी ठेवणे हा वर्गात करून घेण्याजोगा उत्तम अभ्यास आहे. झाड तेच, फांद्या त्याच. बदलली ती केवळ छटा. आणि तरी एका प्रतीत झाड दिवसाचे वाटते, दुसरीत रात्रीचे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, 'हिवाळ्यातील वृक्ष' हा विषय समान असला तरी चित्राचा आशय प्रधान घटकावर ठरतो. टॅल्बट यांच्याकडे वृक्षाची वाढ रेषेतून दिसते, कॅलहन यांच्याकडे वृक्षांचे अंतर लय होते, अ‍ॅडम्स यांच्याकडे छटांतून हवामान उमटते, सुडेक यांच्याकडे पोतातून पाहणारा प्रकट होतो आणि केना यांच्याकडे अवकाशच बोलू लागतो.

दुसरी, प्रत्येक प्रधान घटकामागे एक त्याग असतो. कॅलहन यांनी बर्फाचा पोत सोडला, सुडेक यांनी झाडाची स्पष्टता सोडली, केना यांनी भोवतालच सोडला. चित्रात काय आहे एवढेच लिहिणारे वर्णन म्हणून अपुरे पडते. काय सोडले हेही लिहिले पाहिजे, आणि ते तुलनेशिवाय कळत नाही.

तिसरी, तो त्याग तंत्राने लादलेला होता की हेतूने केलेला, हे तपासण्यासाठी त्या काळच्या साधनांची माहिती हवी. फिके आकाश १८४२ मध्ये अपरिहार्य होते. १९५० मध्ये तो निर्णय होता.

शेवटची गोष्ट अशी की, दृश्य घटक हे पाहण्याचे साधन आहे, पाहण्याचा शेवट नव्हे. चित्रातील पांढरी जागा प्रथम अवकाश म्हणून पाहावी, तिचा भार जोखावा; आणि मग ती प्रत्यक्षात कोणाची जागा आहे, हेही विचारावे. पाने गळालेले झाड काही लपवत नाही. चौकट मात्र लपवते. आणि ती काय लपवते हे शोधण्यासाठीच दोन चौकटी शेजारी ठेवावयाच्या असतात.